हेल्मेटची पांढरी काच

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो आणि एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या हात धुऊन मागे लागलो होतो. त्याचे रेणू भाताच्या तणसाच्या ढिगासारखे कसेही पडलेले असतात. त्यांना नीट रांगेत बसवलं की स्फटिक तयार होतात आणि प्लॅस्टिक पांढरं पडतं. त्यासाठी मी त्याच्या पट्ट्या दिवसचे दिवस भट्टीत तापवायचो. त्या जशाच्या तशा पारदर्शक निघायच्या.

कोंढ्याला मुलगी बघायला जायचं होतं, त्या सकाळी वहिनी पोरांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल रंगवत बसली होती. माझ्या नव्या हेल्मेटच्या काचेवर लाल ठिपके उडाले. ही काच म्हणजे तेच प्लॅस्टिक. वहिनीने नखांचा रंग काढायचं पाणी घेऊन ती पुसली, तर काच दह्यासारखी पांढरी झाली.

"भाऊजी, मी तं फक्त पुसलं," ती घाबरून म्हणाली.

रागवायचं सोडून मी नाचायच्या बेतात होतो. त्या पाण्यात ॲसिटोन असतं. त्याने रेणू सैल होऊन आपसूक रांगेत बसले होते. माझी भट्टी गेली खड्ड्यात.

पण पांढऱ्या काचेतून रस्ता दिसेना. काच वर करून मोटारसायकल हाणली आणि धानाच्या बांध्यांतले सगळे किडे डोळ्यांत घेत पोचलो. डोळे लालभडक, पाणी थांबेना. मुलीच्या वडिलांनी जवळ येऊन दारूचा वास येतो का, ते हळूच हुंगून पाहिलं. एसटीने पुढे आलेला माझा दादाही संशयाने बघू लागला.

चहा झाल्यावर वडील म्हणाले, "कळवतो मंग." म्हणजे नकार. मुलगी मला मनापासून आवडली होती, त्यामुळे फार वाईट वाटलं. मी हेल्मेट पुढे करून काचेची हकिगत सांगून पाहिली.

"पुसल्यानं काच पांढरी होते काय कुठं? खेड्यातले आहो, येडे नाही आमी."

मुलगी आत गेली आणि तसल्याच पाण्याची बाटली घेऊन आली. काचेचा एक कोपरा अजून स्वच्छ होता, तो तिने कापसाने पुसला. बघता बघता तोही पांढरा पडला. वडील वाकून बघत राहिले.

"खरंच बोलून राहिला हा," ते म्हणाले. मग आत वळून, "पाव्हन्याईची ताटं वाढा."

आमच्याकडे लग्न जुळल्याशिवाय मुलीच्या घरी कोणी जेवत नाही. मी हात धुवायला उठलो.