पश्चिमेचं धुराडं

गणपतीला दादाच्या घरी माळ्यावरून मखर खाली काढतात, तेव्हा त्याचा जळका वास नाकात शिरतो आणि माझं डोकं फिरतं. दादाच्या पडवीत मी प्लायवूडची मखरं कापायला लेझर कटिंगचं मशीन मांडलं, तेव्हा धूर बाहेर काढायला पत्र्याचं धुराडं आणि पंखा स्वतः जोडला होता, तोंड पूर्वेच्या अंगणाकडे ठेवून. दादा म्हणाला, "पुढच्या दारी धूर नको हां. येणारेजाणारे काय म्हणतील? पश्चिमेला काढ." मी म्हटलं, "दादा, रत्नागिरीत पावसाचा वारा समुद्रावरनं येतो. धूर सगळा परत आत घुसेल." "घर माझं आहे ना?" मी धुराडं पश्चिमेला फिरवलं. मखरांच्या ऑर्डरी नेमक्या पावसातच येतात. वारा धूर आत ढकलत राहिला, पंखा नुसता गरगरत राहिला, आणि मी डोळे चोळत, खोकत मखरं कापली. त्यातलं सगळ्यांत सुबक दादाच्या गणपतीला दिलं. पाहुणे वाखाणत होते, आरती सुरू झाली आणि मला खोकल्याची उबळ आली. दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "तू जरा अंगणात जाऊन खोक." गेलो. अंगणातली हवा अगदी स्वच्छ होती. अजूनही असते, दरवर्षी आरतीला मी तिथेच उभा असतो.