एका आडनावाची माणसं

स्पॅनिशच्या सर्टिफिकेट कोर्सला मी नाव दिलं ते भाषेच्या आवडीने नाही. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. कुठला कोर्स करावा, कुठला टाळावा, हे सांगणारं घरी कुणी नव्हतं. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या कॉलेजात फलकावर जे लिहिलेलं दिसलं आणि ज्याचे तास दुपारच्या आत संपत होते, त्यात मी नाव घातलं.

हजेरीत माझ्या पाठोपाठ एका मुलाचं नाव यायचं. आमचं आडनाव एकच. मी पेणकरपाड्याची, तो चेण्याचा. ओळख नव्हती. प्रोजेक्टच्या जोड्या लावताना बाईंनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम दोनों का सरनेम सेम है ना? तो सरनेम पे ही करो." म्हणजे असं, की एक स्पॅनिश आडनाव निवडायचं आणि त्या आडनावाची जगभरातली नामवंत माणसं शोधून त्यांच्याबद्दल लिहायचं.

आम्ही कुठलं आडनाव घेतलं ते इथे लिहीत नाही. कुणाचंच नाव न घेता हे लिहायचं असं मी ठरवलं आहे. एवढं सांगते, की त्या आडनावाचा अर्थ 'अमक्याचा मुलगा' असा होतो, आणि त्या नावाचे बाप स्पेनमध्ये पूर्वी गल्लोगल्ली होते. त्यामुळे माणसं सापडायला वेळ लागला नाही. एक फुटबॉलवाला होता, एक मुष्टियोद्धा. एक बाई डोंगरात शाळा चालवायची. एकाने पूल बांधले होते. एक गायक होता, त्याचा फोटो बघून आम्ही खूप हसलो, कारण तो थेट आमच्या पाड्यातल्या केबलवाल्यासारखा दिसायचा. कुणी अर्जेंटिनाचं, कुणी मेक्सिकोचं, कुणी फिलिपिन्सचं. फिलिपिन्समध्ये तर एका गव्हर्नराने आडनावांची यादी काढून ती गावोगाव वाटली होती, असं आम्ही वाचलं. ते वाचून तो म्हणाला, "रेशनसारखी?" आणि लायब्ररीतल्या सरांनी आम्हाला बाहेर काढलं.

बाहेर काढल्यावर आम्ही चहा प्यायला गेलो. तिथपासून कधी काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. त्याला बिनमहत्त्वाची माणसं आवडायची. मी फुटबॉलवाल्याला चार पानं दिली तर तो पूल बांधणाऱ्यावर अडून बसायचा. "याच्या पुलावरून लोक अजून जातायत, आणि याला तू चार ओळी देतेस?" म्हणायचा. मला असं कुणी कधी बोललं नव्हतं. म्हणजे माझ्याशी भांडण्यासारखं माझ्याकडे काही आहे, असं कुणाला वाटलं नव्हतं.

आमच्यात एक आडनाव म्हणजे एक कूळ. कुळातला मुलगा भाऊ लागतो. त्या घरात कुणी गेलं तर सुतक धरायचं, लग्नकार्यात मानाने बोलवायचं, आणि मुलगी मात्र तिथे द्यायची नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं, त्यालाही. पण तेव्हा मला वाटायचं, हे न शिकलेल्यांचं असतं. बाबांना कुणी नीट समजावलं तर कळेल. बाबा समजूतदार आहेत. आजोबा मिठागरात राबले, बाबा आता एका सोसायटीत पाण्याचे पंप बघतात, आणि मला कॉलेजात घालताना त्यांनी भावकीतल्या कुणाचंही ऐकलं नव्हतं.

गणपतीत वर्गातली सात-आठ जणं आमच्याकडे दर्शनाला आली. त्यात तोही होता. बाबा प्रसाद वाटत होते.

"कुठचा रं बाला तू?"

"चेण्याचा."

"चेण्याचा? आडनाव काय?"

त्याने सांगितलं. बाबांनी प्रसादाचं ताट खाली ठेवलं.

"आगो ऐकलंस का?" त्यांनी आत आईला हाक मारली. "आपलाच पोर हाय! भावकीतला! नुसत्या चायवर नको धाडू, पान वाढ."

बाकीच्यांना चहा मिळाला, त्याला जेवण. बाबा शेजारी बसून त्याच्या आजाचं, पणजाचं विचारत राहिले. ओळखीचं एकही नाव निघालं नाही, तरी शेवटी ते म्हणाले, "जुनी माणसं गेली, न्हायतर नातं लागलंच असतं. घरी किती भावंडं?"

"एकटाच आहे."

"बहीण न्हाय?"

"नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आनंद झाला होता. मलाही झाला, हे मी का लपवू? त्यांना तो आवडला, एवढंच मला तेव्हा कळलं.

मला भाऊ नाही. भाऊबीजेला दरवर्षी मी गच्चीत जाऊन चंद्राला ओवाळायचे. भाऊ नसलेल्या मुली तसंच करतात. या दिवाळीत बाबांनी माझ्याकडून त्याचा नंबर मागून घेतला आणि त्याला फोन केला. "बीजेला जेवायला ये, घर तुझंच हाय." त्याने मला मेसेज केला, की फाइल घेऊन येतो, त्याच दिवशी काकांशी आपल्याबद्दल बोलतो. मी लिहिलं, ये.

बाबांनी 'बीजेला' म्हटलंय याचा विचार आम्ही दोघांनीही केला नाही. सुट्टीचा दिवस, बाबा घरी असतील, एवढंच धरलं होतं.

तो आला. नवा शर्ट, हातात प्रोजेक्टची फाइल. बाबांच्या समोर खाली बसला आणि फाइल उघडली. एकेक पान उलटत त्याने सगळं सांगितलं. हा फुटबॉलवाला, हा या देशातला. ही शिक्षिका त्या देशातली. हा पूल बांधणारा. आडनाव सगळ्यांचं एक, पण रक्ताचं काही नाही काका, कुणी कुणाला ओळखतही नाही. आडनाव एक असलं म्हणून माणसं एका घरातली नसतात.

बाबा मन लावून ऐकत होते. मुष्टियोद्ध्याचा फोटो त्यांनी चष्मा लावून पाहिला. मी दारात उभी होते आणि मला वाटलं, होतंय.

"केवढ्या लांब लांब गेली ही माणसं," बाबा म्हणाले. "समुद्र ओलांडून. नि बघ, एकानंपण आडनाव सोडलं न्हाय. आपली पोरं इथं पाड्यातनं बिल्डिंगीत गेली का भावकी इसरतात." त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बरं दाखवलंस बाला. भावकी ती भावकी."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटतं त्याने तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात बाबा उठले, कोपऱ्यातला पाट त्यांनी स्वतः घेतला, जमिनीवर मांडला आणि म्हणाले, "बस. तिला भाऊ न्हाय, तुला बहीण न्हाय. देवानंच धाडलाय तुला."

मी स्वयंपाकघरात गेले. आईने ताट तयार ठेवलं होतं. कुंकू, अक्षता, सुपारी, तिच्या बोटातली अंगठी, निरांजन. तिने ते सकाळीच ठेवलं असणार.

"आई, मी नाही करणार."

"माहीत हाय मला," ती म्हणाली. किती दिवसांपासून माहीत होतं, ते तिने सांगितलं नाही. निरांजनाची वात तिने बोटाने पुढे ओढली. "तुझा बापूस मेला तरी देणार न्हाय त्या घरात. आज ओवाळलंस तर तो या घरात येत तरी राहील. न्हाय ओवाळलंस तर का न्हाय ते सांगावं लागंल. मग तो दारातपण दिसायचा न्हाय."

"म्हणून भाऊ करू?"

"डोळ्यापुढं राहील गो," आई म्हणाली आणि ताट माझ्या हातात दिलं.

तो पाटावर बसला होता. डोक्यावर बाबांची टोपी होती. मी त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या. बोट त्याच्या कपाळाला लागलं, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. सुपारी ओवाळली, अंगठी ओवाळली. निरांजन मी भराभर ओवाळलं, म्हणून बाबा म्हणाले, "सावकाश गो, घाई कुठं हाय." करंजीचा तुकडा मी त्याच्या तोंडात घातला. तो त्याने गिळला नाही, बराच वेळ गालात तसाच धरून ठेवला.

उठू शकला असता. मीही ताट खाली ठेवू शकले असते. या गोष्टीचा मी खूप विचार केला आहे. बाबा इतके खूश होते, की दोघांपैकी कुणालाच ते जमलं नाही.

जेवण झालं. आईने फराळाचा डबा दिला. बाबा म्हणाले, "जा गो, भावाला नाक्यापर्यंत सोडून ये."

एरवी आम्ही पाड्याच्या हद्दीत एकमेकांना ओळखही दाखवायचो नाही. मला सोडायला आला तरी तो बस स्टॉपवर त्या टोकाला उभा राहायचा, मी या टोकाला. त्या दिवशी आम्ही भर दुपारी शेजारी शेजारी चालत पाड्यातून गेलो. त्याच्या कपाळावर कुंकू होतं. ओट्यावर बसलेल्या एका काकूंनी विचारलं, "कोण गो हा?"

"चेण्याचा. आमच्यातलाच," मी म्हटलं.

"हां! बरं झालं बाय, तुलापण भाऊ झाला. ये रं बाला, चकली खाऊन जा."

त्याने चकली घेतली. आणखी दोन घरांसमोर थांबलो. कुणी माझ्याकडे वाकडं पाहिलं नाही. माझ्या मनात आलं, असं चालायला मिळावं म्हणून आम्ही किती बेत केले होते.

नाक्यावर रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याने आम्हाला पाहिलं. "दोनों जाएँगे?"

"नहीं," तो म्हणाला. "मैं अकेला."

तो आत बसला, डबा मांडीवर घेतला. काहीतरी बोलायला म्हणून मी म्हटलं, "डबा परत आण. आईचा आहे."

"आणीन," तो म्हणाला.

घरी आले तर बाबा ओट्यावरच बसले होते.

"बसला का गाडीत?"

"बसला."

"गुणी पोर हाय," ते म्हणाले. "त्याला पोरगी बघाय पाहिजे आता. तुझ्या कालेजात हाय का कोण? आडनाव तेवढं येगळं बघ."

"बघते," मी म्हटलं आणि आत गेले.