तारलीच्या पोटातली गाबोळी

समुद्रात तारली किती उरली आहे, हे समुद्रात उतरून मोजता येत नाही. म्हणून मी मालवणच्या बंदरावर बसून जाळ्यात आलेली मासळी मापते, पोट चिरून आतली अंडी बघते. त्या सकाळी अगदी लहान तारल्यांच्या पोटातही पिवळसर गाबोळी निघू लागली. शेजारी टोपली मांडून बसलेली रुक्मिणमावशी वाकून बघत म्हणाली, "इतक्याशा जिवाच्या पोटात गाबोळी? इतकी घाई कसली हिका?"

"मोठी मासळी जाळ्यात संपत आली, की लहानच लवकर अंडी धरू लागते, मावशी. कूळ टिकायला हवं ना."

टोपलीतली मासळी सारखी करत मावशी हळूच बोलली, "माझी थोरली भयण अशीच गेली. पोरवयातच पोटाशी रवली. बाळंतपणात दोघांय गेली."

कूळ टिकायला हवं, हे मी किती सहज म्हणून गेले होते! ज्याच्या जिवावर ते टिकतं, त्याला कोण विचारतं?

अंडी धरलेली मासळी आमच्या मोजणीच्या भाषेत प्रौढ. मी वहीत तसं लिहिलं. पण हातातल्या त्या तारलीची शेपटीसुद्धा माझ्या तळहाताबाहेर येत नव्हती.