खोक्यांतून आलेली गाडी

अमेरिकेत म्हणे दोन मित्र शेडमध्ये फायबरच्या होड्या बनवायचे. होड्या खपेनात, म्हणून गाड्यांच्या बॉड्या बनवायला लागले. बॉडी खोक्यांत भरून पाठवायची. इंजिन आणि चाकं गिऱ्हाइकाने स्वतःच्या जुन्या गाडीची लावायची! काय डोकं! दुबईत अब्बांच्या ओळखीच्या एका तेलवाल्या साहेबाने ती मागवली. खोकी पोचेपर्यंत तिकडे कंपनी खलास, इकडे साहेबाची बदली. त्याने खोकी आणि आपली जुनी जर्मन गाडी अब्बांच्या गळ्यात मारली.

अब्बा रत्नागिरीचे, दुबईच्या खाडीवर लाकडी गलबतं दुरुस्त करायचे. "होडीवाल्यांनी केलीय ना? मग होडीच समजायची," म्हणाले, गाडी जोडली आणि गलबतासारखा दिसेल त्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकला. अम्माने बघून सांगितलं, "या बिनछपराच्या टपात मी मेले तरी बसणार नाही."

तेवढ्यात निरोप आला. डोंगरापलीकडच्या खोर फक्कान बंदरातली माझी खाला, अम्माची थोरली बहीण, नवऱ्याबरोबर कायमची आफ्रिकेला चालली होती. बोट दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सुटणार. अम्माला तिनेच लहानाचं मोठं केलेलं. "एकदा तिचं तोंड बघू दे हो," म्हणत अम्मा पहाटे मुकाट टपात जाऊन बसली. मीही मागे चढले.

डोंगरातल्या कोरड्या नदीत गाडीने धूर सोडला आणि बसकण मारली. अब्बा पेट्रोल बघतात, चाकं बघतात. इंजिन होतं मागे, अम्माने तिथे हात लावला. "अहो, भट्टी झालीय नुसती! वारा जायला कुठे जागा ठेवलीत?" इंजिन वाऱ्यावर थंड होणारं, आणि वाऱ्याची सगळी भोकं अब्बांनी इमानेइतबारे बुजवलेली!

"पाणी शिरलं असतं तर?" अब्बा पुटपुटले. वाळवंटात!

अम्मा हसलीसुद्धा नाही. अंबाड्यातला आकडा काढून ती कापूस उपसत सुटली. केस मोकळे झाले, तोंड काळं झालं, तरी थांबेना. मला पहिल्यांदाच तिची भीती वाटली. इंजिन निवलं, तशी तीच ओरडली, "यल्ला, चला!"

पोचलो तेव्हा माणसं बोटीत चढत होती. अब्बा गाडीची कहाणी सांगायला लागले, पण ऐकतंय कोण? "हे काय ध्यान गं!" म्हणत खालाने अम्माला वाळूत पुढ्यात बसवलं, बोटांनीच केस विंचरले आणि घट्ट वेणी घातली. दोघी रडत होत्या. वेणी संपली आणि खालाला हाक आली.

परतताना उघड्या गाडीत वारा नुसता झोंबत होता. अम्माने दोन्ही हातांनी पदर डोक्यावर दाबून धरला होता. घरी आल्यावरही ती वेणी तिने कितीतरी दिवस सोडली नाही.