पाटीखालचं मीठ

‘हात कर,’ हे तिचं पहिलं वाक्य. पाहुणा बिचारा काही विचारणार, तोवर त्याच्या तळव्यावर चिमूटभर मीठ पडलेलं असायचं. ‘आमच्या आगरातलं हाय. चाख.’ आणि हा सगळा प्रकार ‘वस्तूंना हात लावू नये’ या पाटीच्या बरोबर खाली. ती पाटी मी स्वतः रंगवली होती, दोन रंगांत.

आमचं पेणचं संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेमागची एक खोली. गणपतीचे जुने साचे, धान्याची मापं, कुलपं हरवलेल्या किल्ल्या आणि एका परातीत खाडीकडच्या मिठागरातलं मीठ. मी मूळचा रोह्याचा. पेणला मास्तरकी केली, निवृत्त झालो आणि दुसऱ्या कोणाला वेळ नव्हता म्हणून चिटणीस झालो. पण थाट असा, की वडखळच्या नाक्यावर एसटीची वाट बघतानाही मी ताठ उभा राहायचो. गावाचा इतिहास खांद्यावर होता ना!

मीठ देणाऱ्या या बाईला सगळे मावशी म्हणत. वयानं माझ्याहून मोठी, आवाजानं त्याहून मोठी. दर पावसाळ्यात दमट हवेनं परातीतला ढीग विरघळायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात ती नवी टोपली डोक्यावर घेऊन यायची.

‘जुनं कुठं गेलं?’

‘पाणी झालं, मावशी. ओतून टाकलं.’

‘मीठ ओतलंस व्हय? अरे, पयलं पानीच असतं ते.’

यावर मी तिला जतन म्हणजे काय, ते समजावून सांगितलं. बराच वेळ सांगितलं. तिनं टोपली रिकामी करत ऐकून घेतलं.

सभासद वाढावेत म्हणून मी पत्रकं छापली. त्यातल्या एकात बांधून दिलेली भजी मीच खाल्ली. तिचं तंत्र सोपं होतं. ‘खाल्लंस ना मीठ? मग नाव लाव. तू पन गो, नवऱ्याला काय इचारायचं त्यात!’ एकदा कोलाडहून आलेलं वऱ्हाड ऊन चुकवायला आत शिरलं, ते अख्खं सभासद होऊनच बाहेर पडलं.

माझं नाव मात्र तिनं कधी लागू दिलं नाही. मला रक्तदाब, डॉक्टरांनी मीठ तोडलेलं. ‘मग तू चिटनीस ऱ्हा,’ ती म्हणायची. ‘सभासद मीठ खाऊन होतात.’ मी हसण्यावारी न्यायचो, पण मनाला लागायचं. चिटणीसच सभासद नाही, ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

एका पावसाळ्यात उधाणानं बांध फुटला आणि तिच्या आगरात खाडी शिरली. मुलं डोलवीला कंपनीत शिफ्टवर, बांध घालायला कोणी उरलं नव्हतं. ती रिकाम्या हातांनी आली आणि परातीतला ओलसर ढीग बघत बसली. त्या दिवशी तिनं कोणाला हात कर म्हटलं नाही.

‘आता येवढंच हाय, मास्तर. ह्ये तरी जाऊ देऊ नको.’

‘नाही जाऊ देणार,’ मी ठणकावून सांगितलं. जशी काही दमट हवा माझी परवानगी घेऊन आत येते.

दिवाळीच्या आधी ती गेली. तोवर परातीत नुसतं पाणी होतं. सवयीनं मी परात उचलून मोरीपर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो. मला रडू आलं. परात झाकून परत जागेवर ठेवली.

उन्हाळ्यात ती अंगणात मांडली. बायको म्हणाली, ‘लोक पापड वाळवतात, तुम्ही पाणी वाळवा.’ काही दिवसांनी कडा पांढऱ्या झाल्या, मग तळ. खरवडून मूठभर मीठ निघालं, ते परातीसकट संग्रहालयात पाटीखाली नेऊन ठेवलं.

आता नवी टोपली येणार नव्हती. माझी पाटी पहिल्यांदाच खरी झाली होती. ती पुसून नीट लावली. मग कोणी बघत नाही असं पाहून स्वतःचाच हात पुढे केला, चिमूटभर मीठ तळव्यावर घेतलं आणि चाखलं. जीभ चरचरली.

सभासदांची वही काढली आणि तिच्यात माझं नाव लावलं.