तामा नदीचे कावळे

तामा नदी मला आवडत नाही. डोंगरात तिला काही शिस्त असेल, पण इथे जपानात, कावासाकीच्या सपाटीवर आली की ती हातपाय पसरते. गोट्यांचे लांबच लांब पट्टे, त्यांतून वाट काढणाऱ्या दोन-चार धारा आणि काठाला पुरुषभर उंच गवत. वादळ येऊन गेलं की ते गवत चिखलात आडवं होतं आणि आठवडाभर कुजका वास मारतं. बंधाऱ्याशी जाडजूड कार्प मासे तोंड वासून फिरतात. पाणकावळे पंख वाळत घालून बसतात आणि बगळा आमच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आणि कावळे. आपल्याकडच्यापेक्षा दांडगे, जाड चोचीचे. आमच्या इमारतीच्या कचऱ्यावरची जाळी ते उचकटतात. मग रस्ताभर पसरलेली भेंडीची देठं कुणाची, हे शेजाऱ्यांना विचारावं लागत नाही. वर्षभर मी झाडू घेऊन त्यांच्याशी भांडलो आणि पितृपक्षात, वडिलांच्या तिथीला, मला त्यांचीच गरज पडली.

वडील गेले तेव्हा मी वेळेत पोचलो नव्हतो. दहाव्याला कावळा शिवत नव्हता, हे भावाने फोनवर ऐकवलं. "जीव कशात अडकला होता, तुला माहितीये," म्हणाला. माहीत होतं. मी कायमचं परत यावं, एवढंच त्यांना हवं होतं. बायकोलाही तेच हवं होतं. पुण्याच्या फ्लॅटसाठी ती अजून पडदे बघायची.

तिने खीर, भात आणि वडे कागदी ताटलीत वाढले. पक्ष्यांना खायला घालू नये अशा पाटीकडे पाठ करून मी ताटली गोट्यांवर ठेवली. कावळे पुलाच्या कठड्यावरून नुसते बघत राहिले. कचरा चालतो, वडा चालत नाही.

"अरे, काहीतरी कबूल कर त्यांना," बायको म्हणाली.

"बाबा, पुढच्या वर्षी परत येतो."

एकही हलला नाही.

"बरं, दोन वर्षांत. नक्की."

एकाने मान फिरवली. मग मला राग आला. कावळ्यांचा, भावाचा, वडिलांचाही.

"नाही येणार, बाबा. पोरगी इथलीच झालीये. मलाही यायचं नाही. रागवायचं तर रागवा, पण जेवून घ्या."

एक कावळा खाली उतरला, उड्या मारत आला आणि वडा उचलून पलीकडच्या काठाला गेला.

"जेवले," बायको म्हणाली. तिने ताटली उचलून पिशवीत घातली. "आणि मला कधी सांगणार होतास?"