पट्टा का ओरडत होता

नव्वदीच्या दशकाच्या शेवटाला मी शिरूर ते कारेगाव वडापची, म्हणजे सीटमागं भाडं घेणारी, जीप चालवत होतो. रांजणगावचे कारखाने तेव्हा वाढत होते आणि सकाळच्या शिफ्टची माणसं स्टँडबाहेर माझी वाट बघत उभी असायची. जीप जुनी, डिझेलची, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. इंजिन दमदार होतं. पण सकाळी स्टार्टर मारला की बॉनेटखालून लांबलचक किंकाळी निघायची, आणि ती थांबली तरी मागं बारीक चिवचिव चालूच राहायची. टपरीवरची माणसं चहाचा कप हातात धरून वळून बघायची.

आवाज फॅनबेल्टचा आहे, एवढं मला कळत होतं. इंजिनच्या तोंडावर तीन पुल्या. खालच्या पुलीला इंजिन फिरवतं. तिच्यावरून जाणारा रबरी पट्टा वरची पंख्याची आणि पाण्याच्या पंपाची पुली फिरवतो, आणि बाजूची अल्टरनेटरची, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची. यातला कोण ओरडतोय आणि कशापायी, ते मात्र कळेना. मी लक्ष ठेवायला लागलो. हेडलाइट लावले की किंकाळी वाढायची. इंजिन तापलं की ती जायची. चिवचिवीला मात्र थंडगरम, दिवसरात्र काहीच फरक नव्हता. म्हणजे हे दोन वेगळे आवाज आहेत का, असा प्रश्न मला पडला आणि तो डोक्यातून जाईना. प्रवासी बोलत असायचे आणि माझा एक कान बॉनेटकडं असायचा.

एका प्रवाशानं सांगितलं, "साबण घासा पट्ट्याला, हमखास जातंय." घासला. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी दुप्पट आवाज. मग नवा पट्टा घातला. आठवड्यानं चिवचिव परत सुरू. शेवटी एका गॅरेजवाल्यानं "ढिला हाय" म्हणत पहार घालून अल्टरनेटर रेटला आणि पट्टा असा ताणला, की अंगठ्यानं दाबला तरी हलेना. किंकाळी गेली. पण पंधरा दिवसांत कारेगावच्या अलीकडं बॉनेटमधून वाफ निघायला लागली. ताणानं पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलं होतं आणि सगळं पाणी रस्त्यावर वाहत होतं. दहा माणसं उतरून शिफ्टला चालत निघाली. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ जाता जाता शांतपणे म्हणाले, "त्यो आवाज परवडला बाबा, ह्ये न्हाई." मला फार लाजल्यासारखं झालं.

पंप बदलला, पट्टा बेताचा ताणला. चिवचिव होतीच.

त्याच सुमाराला माझ्या मुलीच्या बारशाला वरवंडची माझी आत्या आली होती. ती पायमशीनवर ब्लाउज, परकर शिवायची. पंचवीस-तीस वर्षं तेच काम. बारसं झाल्यावर मी तिला जीपनं सोडायला निघालो. ती पुढं बसली होती. न्हावऱ्याला पोचेपर्यंत बॉनेटकडं कान करून होती. मग म्हणाली, "किती दिस झालं ह्ये ओरडतंय?"

"सहा महिने झाले. सगळं करून बघितलं."

"जरा थांबीव. आन् इंजिन बंद कर, पदर-बिदर अडकायचा."

मी बॉनेट उघडलं. तिनं चष्मा लावला, पट्ट्याला हात न लावता आधी नुसतं बघत राहिली. मग अल्टरनेटरच्या पुलीमागं बोट फिरवून माझ्यापुढं धरलं. बोट काळं झालं होतं. दुसरं बोट पुलीच्या पुढच्या अंगानं फिरवलं. त्यावर साधी रस्त्याची धूळ.

"भुगा एकाच अंगाला पडतोय," ती म्हणाली. "माझ्या मशिनची वादी अशीच चिवचिवायची. खालचं चाक आन् वरचं चाक एका रांगेत न्हवतं. वादी एका बाजूनं घासत जायची, आन् चामड्याचा भुगा त्याच बाजूला. मशीन टेबलावर जरा सरकवून बशिवली, तवा गप झाली."

मी सहा महिने समोरून बघत होतो. बाजूनं, एक डोळा मिटून, पट्टा सरळ पळतोय का हे एकदाही बघितलं नव्हतं. आता वाकून बघितलं तर किंचित तिरका वाटला. पण वाटणं आणि असणं यांत फरक होता. दौंडला एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मी आत्याला म्हटलं, तुला घरी सोडतो आणि तसाच पुढं दौंडला जातो. चौफुला गेला, वरवंड आलं, तर आत्या उतरेना. "चल की पुढं. काय निघतंय ते मला बी बघू दे."

चाचांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि बाटलीतून पाण्याचे चार थेंब पळत्या पट्ट्यावर सोडले. चिवचिव एकदम थांबली. थोड्या वेळात ती परत सुरू झाली.

"ढिला असता तर पाण्यानं आवाज वाढला असता," चाचा म्हणाले. "गप होऊन परत आला, म्हंजी पुली वाकडी नाय तर मागंपुढं हाय."

इंजिन बंद करून त्यांनी लोखंडाची एक सरळ पट्टी पुल्यांच्या तोंडाला लावली. खालच्या आणि वरच्या पुलीला ती नीट टेकली. अल्टरनेटरच्या पुलीपाशी फट राहिली. "दोन सूत मागं. ह्यो अल्टरनेटर दुसऱ्या गाडीचा हाय. आधीच्या मालकानं बशिवला आसंल." म्हणजे जेमतेम पाव इंच. तेवढ्यापायी नवा पट्टा घासून गुळगुळीत होत होता, मग घसरून किंकाळत होता. दोन आवाजांचं मूळ एकच होतं.

"कुणी वळखलं?" चाचांनी विचारलं. मी आत्याकडं बोट केलं. त्यांनी तिला खुर्ची दिली.

अल्टरनेटर ज्या ब्रॅकेटवर बसतो त्यामागं जाड वॉशर घालून त्यांनी पुली पुढं आणली, नवा पट्टा चढवला, आणि अंगठ्यानं दाबून अर्धा इंच दबतो का ते मलाही बघायला लावलं. हे होईपर्यंत दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या. चाचांच्या घरची शिलाई मशीन म्हणे टाके सोडत होती. काम संपल्यावर आत्या त्यांच्या घरात गेली ती अर्धा तास बाहेर आली नाही. मी जीप चालू करून नुसता ऐकत उभा होतो. पंख्याचा वारा, डिझेलची धडधड, बाकी काही नाही. आत्या आली आणि चाचांना म्हणाली, "सुई उलटी बसली होती, भाऊ. आता बघा."

दुसऱ्या दिवशी कारेगावातून रातपाळीची माणसं परत आणायची होती. नेहमीच्या जागी कोणीच नाही. हॉर्न दिल्यावर चौघं धावत आले. आवाज आला नाही म्हणून आज गाडी नाही असं समजून ते आत चहा पीत बसले होते. मला हसू आलं.

पुढं स्टँडवर कुणाची गाडी चिवचिवली की मी पाण्याची बाटली घेऊन जायचो. काही जण हुसकून लावायचे. काही बॉनेट उघडायचे, आणि मग आम्ही दोघं वाकून ऐकत राहायचो.